डिझाइन संग्रहालयात जाणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींस उपयुक्त सूचना

ज्या संग्रहालयात राजाची तलवार किंवा देवाची मूर्ती ठेवलेली असते तेथे कसे वागावे हे आपणांस वाडवडिलांपासून ठाऊक आहे. तलवारीपुढे मान डोलवावी, मूर्तीपुढे हात जोडावे आणि दरवानाची नजर चुकवून एखाद्या सावलीत डबा सोडावा. परंतु लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरील डिझाइन म्युझियमात मांडलेले खुर्ची, टंकलेखनयंत्र, रस्त्यावरील फलक इत्यादी जिन्नस पाहुण्याच्या घरीदारी आधीच नांदत असल्यामुळे, कोणत्या वस्तूपुढे किती वेळ आणि कोणती मुद्रा धारण करून उभे राहावे याविषयी, लेकाकडे अथवा लेकीकडे काही महिन्यांच्या मुदतीने गेलेल्या आपल्या मंडळींची मोठी कुचंबणा होते. त्यांच्या सोयीसाठी ही सूचनावली सादर केली आहे.

आत शिरण्यापूर्वी छपराचा मुलाहिजा राखावा. ही इमारत मुळात १९६२ साली कॉमनवेल्थ इन्स्टिट्यूटसाठी उभी राहिली, आणि तिच्या खोगिरासारख्या वळलेल्या छपरासाठी २५ टन तांबे तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियातील खाणवाल्यांनी नजर केले होते. साम्राज्याचे एकेक परगणे हातचे जात असताना तांबे मात्र येत राहिले, ही गोष्ट मनात नोंदवावी, बोलून दाखवू नये. संग्रहालय या जागी आले ते २०१६ साली. त्यापूर्वी, १९८९ पासून, त्याचा मुक्काम थेम्सकाठच्या एका जुन्या केळ्यांच्या गोदामात होता. अशा खोगिराखाली खोगीरभरती कितपत आहे, हा प्रश्न ज्यांना सुचेल त्यांनी तो बाहेर पडेपर्यंत आवरून धरावा.

कायमचे प्रदर्शन सर्वांत वरच्या मजल्यावर असून विनामूल्य आहे, सबब प्रारंभ तेथूनच करणे इष्ट. जॉक किन्नीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी आखलेले ब्रिटनच्या रस्त्यांवरील फलक तेथे आहेत. असले फलक बाहेर रस्त्यावर हवे तितके पाहावयास मिळतात, अशी हरकत व्यवहारी माणसे घेतील. तिचे निराकरण असे की, बाहेरचा फलक वाचून मनुष्याने त्याबरहुकूम वागावयाचे असते, आतला वाचून काहीच करावयाचे नसते, आणि वस्तूकडून तिचे काम काढून घेतल्यावर जे मागे उरते त्यालाच येथे प्रेक्षणीय समजतात. हेच सूत्र तेथेच मांडलेल्या कलाश्निकोव्ह रायफलीस लावू गेल्यास ते घशाशी अडकते. ते तसे अडकावे हीच मांडणाऱ्यांची तजवीज असावी, असे प्रस्तुत लेखकाचे नम्र मत आहे.

पाय दुखू लागल्यास खुर्ची दिसेल तेथे बसण्याचा मोह टाळावा, कारण येथील खुर्ची ही बहुधा स्वतःच पाहुणी असते. मधल्या प्रशस्त लाकडी जिन्यावर मात्र खुशाल बसावे. आमच्याकडे कचेरीच्या पायऱ्यांवर बसणे हे तारखेची वाट पाहणाऱ्या पक्षकाराचे लक्षण मानतात. येथे ते रसिकाचे मानले जाते.

खरी कसोटी लागते ती तिकीट काढून पाहावयाच्या तात्पुरत्या प्रदर्शनांत. दाखल्यादाखल २०२३ चा उन्हाळा घ्यावा. एकीकडे आय वेवे या चिनी कलावंताने सोंग राजवटीच्या काळातील चहादाण्यांच्या २,००,००० हून अधिक तोट्या जमिनीवर पसरल्या होत्या (तुटकी तोटी घरात ठेवू न देणाऱ्या गृहिणींस या दालनातून लवकर बाहेर काढावे), तर दुसरीकडे 'द ऑफबीट सारी' या नावाखाली सुमारे ६० साड्यांचे प्रदर्शन भरले होते. त्यांत दवाखान्यातील टाकाऊ एक्स-रे फिल्मच्या टिकल्या लावलेली एक होती, पोलादी तारांची एक होती, आणि पुण्याच्या नताशा पूनावाला यांनी २०२२ साली न्यूयॉर्कच्या मेट गालात धातूच्या चोळीवर नेसलेली सब्यसाचीची साडीही होती. म्हणजे ज्या पुणेकराने ती पाहण्यासाठी समुद्र ओलांडला असेल, त्याला गावचीच साडी गावापासून शक्य तितक्या दूर पाहण्याचे पुण्य लाभले.

अशा प्रसंगी सोबत मावशी असल्यास विशेष बंदोबस्त करावा लागतो. साडीचा पोत अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरून पारखणे, पदर पुढे ओढून उजेडात नेणे, आणि पंचवीस साड्या उलगडावयास लावून 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत उठणे, हा आपल्या स्त्रियांनी लक्ष्मी रोडवर पिढ्यान्‌पिढ्या बजावलेला जन्मसिद्ध हक्क आहे, आणि संग्रहालयाचा स्पर्शबंदीचा हुकूम त्याच्या थेट आड येतो. यास्तव मावशीचे दोन्ही हात पिशवी, छत्री, थर्मास यांनी आगाऊ गुंतवून ठेवावेत. हात अडकले तरी नजर मोकळीच राहते; पुतळ्याच्या निऱ्या कमी-अधिक पडल्याचे ती पहिल्या पावलात हेरील, आणि फलकावरील तीन परिच्छेदांत जे आलेले नसते ते तीन शब्दांत सांगेल. तिचे शब्द मराठीत असल्याने पहारेकऱ्यास इतराजीचे कारण उरत नाही.

प्रदर्शनाच्या अनुषंगाने व्याख्याने, चर्चासत्रे, मुलांच्या कार्यशाळा असे जाहीर कार्यक्रमही होत असतात. व्याख्यानास मावशीला पहिल्या रांगेत बसवू नये. प्रश्नोत्तरांच्या वेळी ती उभी राहिलीच, तर 'ह्या साडीला फॉल कुठे लावलाय?' हा तिचा प्रश्न भाच्याने जसाच्या तसा इंग्रजीत रुजू करावा, त्यास पांडित्याची जोड देण्याच्या भरीस पडू नये. आणि वक्त्यांनी उत्तरादाखल साम्राज्य, शरीर व अस्मिता या तिहींचा सविस्तर परामर्श घेतल्यास, तो सर्व संपेपर्यंत थांबून मावशीला हलकेच सांगावे की, 'लावलेला नाही.'