गोरखचिंचेस कारणे दाखवा

प्रति,
श्रीमती गोरखचिंच,
मुक्काम राणीचा बाग (हल्ली वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान),
भायखळा, मुंबई.

विषय : जागचे न हलणे, अभ्यागतांकडे दुर्लक्ष करणे आणि कामाच्या वेळा न पाळणे याबाबत जाहीर विचारणा.

महोदया,

मायन्यापासूनच पंचाईत झाली. गोरख म्हणावे तर बाबा, चिंच म्हणावे तर बाई. आपल्या पत्त्याचीही तीच गत. आम्हा परळ-लालबागकरांचा तो ‘राणीचा बाग’, पण पुण्याचे पाहुणे उतरले की लगेच ‘राणीची बाग’ होते. शेवटी चिंचेचा मान राखून ‘महोदया’ लिहिले. तर आता कळते की आपण मुळात चिंचच नाही. आपले गोत्र काटेसावरीचे. म्हणजे दिशाभूल नावापासूनच सुरू.

असो. मृगाच्या तोंडावर एका रविवारी आम्ही सहकुटुंब बागेत आलो. नवरा, बायको, दोन मुले, पुरीभाजीचा डबा आणि पाण्याच्या तीन बाटल्या. माझ्या वडिलांनी मला इथे आणले तेव्हा तिकीट चिल्लरीत येत असे. २०१७ साली मोठ्या माणसाचे पाचाचे पन्नास झाले. पन्नास रुपये मोजलेला माणूस काहीतरी बघायला येतो. बघणे म्हणजे काय, तर समोरच्याने काहीतरी करणे. वाघाने येरझाऱ्या घालाव्यात, पाणघोड्याने जांभई द्यावी, माकडाने आमच्यासारखे वागावे. एवढी साधी अपेक्षा.

पेंग्विन ती पुरेपूर पाळतात. ही मंडळी २०१६ साली सोलहून विमानाने आली आणि पुढच्या वर्षीपासून काचेमागे, गारव्यात, लोकांच्या सेवेत रुजू झाली. सूर मारतात, डुलत चालतात, फोटोला उभी राहतात. आम्ही रांगेत तास-सव्वातास घामाघूम उभे राहिलो, तीन मिनिटे पेंग्विन पाहिले, त्यातली दोन मोबाइलच्या पडद्यावर पाहिली आणि मागच्यांचा धक्का खात बाहेर पडलो. कृतकृत्य झालो.

बाहेर आलो तर डबा उघडायला सावली हवी होती. ती आपली होती. तिथे बसल्यावर आपल्याविरुद्धची प्रकरणे एकेक करून लक्षात आली.

पहिली बाब, कागदपत्रांची. आपण मूळच्या आफ्रिकेच्या. व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर आपले बी या किनाऱ्यावर आले असे म्हणतात. गोरखनाथांनी आपल्याखाली बसून शिष्यांना उपदेश केला असेही सांगतात. पण त्याची नोंद कुठल्या दप्तरी आहे? वयाचा दाखला मागावा तर खोडातली वलये धड मोजता येत नाहीत. आमच्या चाळीत घर पुनर्विकासात जायचे तेव्हा साठ वर्षांपूर्वीची भाडेपावती शोधायला लोक पत्र्याच्या ट्रंका उपसतात. आपण मात्र एवढी जागा अडवून बसला आहात आणि पावती एकही नाही.

दुसरी बाब, हजेरीची. अर्धे वर्ष आपण पानांविना उभ्या असता. पावसाची चाहूल लागली की हाताच्या पंजासारखी पाने काढून आशीर्वाद दिल्याचा आव आणायचा आणि थंडीत पुन्हा हात झटकून मोकळे व्हायचे. पाणी खोडात साठवून ठेवता असे ऐकतो. मुंबईत सकाळी पिंप भरून ठेवणारी प्रत्येक बाई हेच करते. त्यात कौतुक कसले?

तिसरी बाब, शेजाऱ्यांच्या तुलनेत शून्य कामगिरी. पलीकडे भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ मध्ये साहेब त्याला विलायतेला न्यायला निघाला. क्रेनने दगा दिला, हत्तीचे तुकडे झाले, पण गडी गेला नाही तो नाहीच. त्यालाच पुढे जोडून उभा केला आहे. त्याच आवारात पुतळ्यातला काळा घोडा आहे. १९६५ साली फोर्टातून त्याची उचलबांगडी झाली. घोडा इथे आला, तरी तिकडच्या चौकाला लोक आजही त्याच्याच नावाने हाक मारतात. याला म्हणतात वजन! आपण कोणती क्रेन मोडलीत? कोणत्या चौकाला आपले नाव आहे?

जवळचा कैलासपतीसुद्धा आपल्यापेक्षा व्यवहारी. दक्षिण अमेरिकेतून आला, अगदी इथल्या हम्बोल्ट पेंग्विनांच्याच मूळ खंडातून, पण आल्याआल्या इथली रीत शिकला. फुलात नागाचा फणा आणि खाली पिंड घेऊनच फुलतो. आमच्यासमोर एका आजींनी खाली पडलेले फूल उचलले, कपाळाला लावले आणि पदराच्या टोकात गाठ मारून ठेवले. पेंग्विनांचा रस्ता त्यांनी कुणाला विचारला नाही. अशा लोकांमुळेच रांगा मोडतात.

आपल्यापुढे मात्र जो तो थांबला तो एवढेच विचारायला, ‘पेंग्विन कुठेत हो?’ अर्ध्या तासात मी अकरा जणांना वाट दाखवली. बाराव्याने विचारले, ‘इथे बघण्यासारखं काय आहे?’ मी आपल्याला टेकूनच बसलो होतो. मी म्हटले, ‘काही नाही, झाड आहे.’

एका तरुणाने तर आपल्या खोडावर किल्लीने बदाम कोरायला घेतला. बदाम झाला, बाण झाला, स्वतःचे नाव झाले. दुसरे नाव लिहायच्या आधी सोबतची मुलगी रागावून निघून गेली. आपण त्यावरही काही बोलला नाहीत.

चौथी बाब गंभीर आहे. इथल्या माहितगाराने सांगितले की ही बाग मुळात झाडांचीच. १८६२ मध्ये लेडी फ्रिअरने ती खुली केली ती वनस्पती उद्यान म्हणून. जनावरांसाठी पंधरा एकर वाढवून मिळाले ते १८९० मध्ये. म्हणजे अठ्ठावीस वर्षे मुंबईकर इथे नुसती झाडे बघायला येत होते! मला हे खरे वाटेना. आजही तीन हजारांहून जास्त झाडे आहेत म्हणे. प्राणी हे भाडेकरू आणि मालक आपण. मालकाने स्वतःच्या घरात इतके गप्प राहावे, हे आमच्या मुंबईत कुठल्याही न्यायालयाला पटणार नाही.

शेवटची बाब, वेळेची. वर पाहिले तर लांब दोरीला चेंडू टांगावेत तशा कळ्या लोंबत होत्या. धाकटीने विचारले, ‘बाबा, ह्या कधी उघडणार?’ माहितगार म्हणाले, ‘अंधार पडला की. पांढरी, तळहाताएवढी फुलं. रात्री वटवाघळं येतात त्यांच्यावर.’ इतक्यात सहाची शिट्टी झाली. ‘चला, चला, बाग बंद!’ आम्ही डबा आवरला.

म्हणजे दिवसभर पन्नास-पन्नास रुपये देणाऱ्यांसमोर मख्खपणे उभे राहायचे आणि एकदा फाटक लागले की फुकट्या वटवाघळांसाठी सगळा खेळ मांडायचा! हा उघड पक्षपात आहे.

तरी आपणांस विचारण्यात येते की, आपण आपली फुले सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा या वेळेत, बुधवारची साप्ताहिक सुट्टी वगळून, का उमलवत नाही? तसेच रविवारी दुपारी किमान एक फांदी ठळकपणे का हलवत नाही? खुलासा सात दिवसांत यावा. न आल्यास आपल्याला म्हणणे मांडायचे नाही असे गृहीत धरले जाईल. अर्थात इतकी वर्षे आम्ही तेच गृहीत धरले आहे.

आपला,
सहकुटुंब अभ्यागत, परळ

ता. क. : निघताना धाकटीने खाली पडलेले आपले एक फूल उचलले, आदल्या रात्रीचे. कडा तपकिरी पडलेल्या. घरी येऊन तिने ते कंपासपेटीत ठेवले. दोन दिवसांनी पेटीला वास यायला लागला. बायको म्हणते, टाका ते. पेंग्विनांचे चौतीस फोटो मी मोबाइलमधून काल पुसले, जागा होत नव्हती म्हणून. फूल अजून टाकलेले नाही.