गढूळ मुद्देमाल

एकतीस वर्षे दारूबंदी व उत्पादन शुल्क खात्याची चाकरी करून, त्यांपैकी अखेरची नऊ अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर काढून, आणि एवढ्या प्रदीर्घ काळात ज्या द्रव्याच्या जप्तीचे कागद रंगवले त्याचा एक थेंबही जिभेला लागू न देता मी २००९ साली सेवानिवृत्त झालो, हे मी अभिमानाने सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर आदरापेक्षा अनुकंपाच अधिक उमटते. ज्याच्या हाताखालून इतके पिंप गेले त्याच्या घशाखालून निदान एखादा पेला तरी गेला असेल, अशी लोकांची समजूत असते. माझ्या काही सहकाऱ्यांच्या बाबतीत ती अगदीच निराधार नव्हती, हे कबूल केले पाहिजे. परंतु माझा आणि दारूचा संबंध नेहमी कार्बन कागदाच्या तीन प्रतींमधूनच आला.

आमच्या खात्याचे एक स्वतंत्र वाङ्मय आहे, आणि त्याची समीक्षा अद्याप कोणी केलेली नाही याचे मला वैषम्य वाटते. ओढ्याकाठच्या जाळीत पुरलेले पत्र्याचे डबे सापडले की दोन पंचांसमक्ष जो पंचनामा होई, त्यात ‘गूळ व नवसागरमिश्रित, पिवळसर रंगाचे, गढूळ, फेसाळ, आंबूस व उग्र वासाचे रसायन’ हे शब्द इतक्या नेमाने येत की, एका नव्या शिपायाने उत्साहाच्या भरात ‘सोनेरी’ असे विशेषण घातले तेव्हा साहेबांनी त्याखाली तांबड्या शाईची रेघ ओढून ‘आरोपीस अनुकूल’ असा शेरा मारला होता. मग १८० मिलिलिटरच्या बाटलीत नमुना काढायचा, तिच्या तोंडाला लाखेची मोहोर करायची, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी डकवून ती रासायनिक पृथक्करणासाठी रवाना करायची, आणि ‘उर्वरित मुद्देमाल जागीच नष्ट करण्यात आला’ या चरणाने समारोप करायचा. नाश कोणत्या रीतीने केला हे नमूद करण्याचा प्रघात नव्हता, आणि तो का नव्हता याची चौकशी करण्याचाही नव्हता.

हे सारे एवढ्याचसाठी निवेदन केले की, गेल्या खेपेस कन्येकडे मॅसॅच्युसेट्स राज्यात मुक्कामास गेलो असता, ऑक्टोबरात झाडांची पाने तांबडी-पिवळी होतात ती दाखवण्याच्या मिषाने जावयाने आम्हां उभयतांस व्हरमाँटच्या डोंगरात नेले, आणि पाने पाहून झाल्यावर (ती सुंदर होती, त्यांच्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे) गाडी ज्या लाकडी कोठारासमोर उभी केली ते कोठार नसून बिअर गाळण्याचा, किंबहुना पुढे दिसून आल्याप्रमाणे न गाळण्याचा, एक लहानसा कारखाना निघाला. दाराशी एका पोरसवदा मुलीने माझ्या वयाची २१ वर्षे पूर्ण झाल्याचा पुरावा मागितला. माझ्या मस्तकावर काळा केस उरलेला नाही, आणि पांढऱ्यांनीही आता रजेचे अर्ज टाकण्यास सुरुवात केली आहे. तथापि नियम तो नियम, असे तिने हसतमुखाने सांगितले. आमच्या १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली जो पिण्याचा परवाना मिळतो, त्यात परवानाधारक हा प्रकृतीच्या रक्षणार्थ पितो असे उदार मनाने गृहीत धरलेले असते. इथे माझ्या प्रकृतीची विचारपूस कोणी केली नाही, जन्मतारखेची मात्र केली. जन्मभर दुसऱ्यांकडे परवाने मागितलेल्या माणसाने निमूटपणे पारपत्र पुढे केले, आणि तिने ते उलटसुलट करून पाहिले तेव्हा खात्यात आपलेच कोणीतरी भेटल्याचा आनंद मला झाला.

जावयाने पोळपाटाच्या नात्यातल्या एका लांबट फळीवर चार लहान पेले मांडून आणले. त्यांतला एक मी उजेडात धरला आणि माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. पिवळसर रंग, गढूळ, फेसाळ. पलीकडे बसलेली मुलगी पेल्यातून दिसेना, तिच्या कपाळावरची टिकलीही दिसेना. करवंदीच्या जाळीतले ते डबे डोळ्यांसमोर उभे राहिले. फरक इतकाच की तिथे आरोपी पळून जात, आणि इथे आरोपीने भिंतीवर फळा टांगून त्यावर खडूने आपल्या मालाचे नाव, ६.८ टक्के ही त्याची तीव्रता आणि दर अशी तिन्ही कलमे स्वहस्ते लिहून दिली होती. इतका स्वच्छ कबुलीजबाब माझ्या कारकिर्दीत मला एकदाही मिळाला नाही.

“गाळायचं राहिलंय वाटतं,” आमचे कुटुंब म्हणाले. पंच म्हणून हिची नेमणूक मी मनातल्या मनात तेव्हाच केली.

“आई, न गाळणं हीच तर त्यातली कला आहे,” जावई म्हणाला, आणि त्याने जे व्याख्यान सुरू केले ते त्याच्या लग्नाच्या बोलणीत त्याने उच्चारलेल्या एकूण शब्दांहून मोठे होते. त्याचा गोषवारा असा की, या प्रकारास आयपीए म्हणतात, आणि त्यातला हा जो धूसर पोटभेद आहे त्याचे माहेर हेच व्हरमाँट राज्य. वॉटरबरी गावात अल्केमिस्ट नावाचे एक पेयगृह २००३ साली निघाले. तिथला जॉन किमिक नामक गृहस्थ हेडी टॉपर या नावाची गढूळ बिअर करी. २०११ च्या ऑगस्टात आयरीन वादळाच्या पुरात ते पेयगृह बुडाले, पण त्याच सुमारास ती बिअर डब्यांत भरली जाऊ लागली आणि लोक शेकडो मैलांवरून तिच्यासाठी येऊ लागले. तोवर जाणकारांच्या दृष्टीने गढूळपणा म्हणजे दोष होता. २०१८ साली अमेरिकेतल्या ब्रुअरींच्या संघाने आपल्या वर्गवारीत धूसर आयपीएला स्वतंत्र कलम देऊन तो गुण ठरवला. त्या हेडी टॉपरच्या डब्यावर ‘डब्यातूनच प्या’ अशी स्पष्ट सूचना छापलेली असते. डब्यात सुगंध कोंडून राहतो, हे त्यामागचे कारण जावयाने सांगितले. मी मान डोलावली. परंतु आतला माल उजेडात येऊ नये अशी व्यवस्था ज्या ज्या पात्रांत केलेली असते त्यांच्याविषयी आमच्या खात्याचे मत निराळे आहे.

गढूळपणाची मीमांसाही त्याने केली. सातूच्या जोडीला यात ओट आणि गहू घालतात. त्यांतली प्रथिने आणि हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलोऱ्यातली तुरट द्रव्ये यांचे साटेलोटे होऊन जे सूक्ष्म कण तयार होतात ते तळाशी बसतच नाहीत. हॉप्स पाण्यात उकळले तर कडवटपणा उतरतो आणि वास उडून जातो, म्हणून या बिअरीत ते बहुतांशी उकळणे संपल्यावर, रस थंड होऊन आंबत असताना, तसेच कोरडे टाकतात. हे वाक्य पुरे होण्याच्या आत कुटुंब म्हणाले, “म्हणजे आमटी उतरवल्यावर कोथिंबीर.” जावयाने इतका वेळ ज्यासाठी खर्च केला ते तिने चार शब्दांत निकालात काढले होते. ही हॉप्सची वेल वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी भांगेच्याच कुळात नोंदलेली आहे, हे मात्र त्याने ओघात सांगून टाकले, आणि एकाच ग्लासात माझ्या खात्याच्या दोन स्वतंत्र टेबलांची कामे एकवटलेली पाहून मला क्षणभर गहिवरून आले.

“आणि बाबा, यातला आय म्हणजे इंडिया,” त्याने समारोपास राखून ठेवलेले अस्त्र काढले. लंडनजवळच्या बो येथील हॉजसनची बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने हेलकावे खात आमच्या किनाऱ्यास लागे. एवढ्या प्रवासात ती नासू नये म्हणून त्याने हॉप्स वाढवून एक नवीनच बिअर शोधून काढली, अशी आख्यायिका आहे. इतिहाससंशोधकांनी ती खोडली आहे. जास्त हॉप्स घालून माल टिकवण्याची युक्ती आधीपासून सर्वांना ठाऊक होती. हॉजसनचा खरा पराक्रम असा की त्याची भट्टी जहाजांच्या गोदीजवळ होती आणि तो कप्तानांना लांब मुदतीची उधारी देई. ज्या पेयाच्या नावात आमचा देश आहे त्याच्या उत्पत्तीचे मूळ शेवटी उधारीच्या खातेवहीत सापडावे, याचे मला आश्चर्य वाटले नाही. पुढे देवळालीच्या छावणीत मायदेशाच्या जहाजाची वाट पाहणारे सोजीर कंटाळून भ्रमिष्ट होत, म्हणून त्या गावाच्या अपभ्रंशावरून इंग्रजीत ‘डूलॅली’ हा वेडाचा वाचक शब्द रूढ झाला. आणि मी निवृत्त झालो त्याच साली पुण्यात जी छोटी ब्रुअरी निघाली तिने आपले नाव तेच ठेवले. माझी तीन वर्षांची बदली नाशिक जिल्ह्यात झाली होती. हवा चांगली आहे. वेड लागण्यास तिथे मला मुख्यत्वे वार्षिक तपासणी कारणीभूत झाली.

आता प्राशनास टाळाटाळ करण्याजोगे काही उरले नाही. कुलदैवताचे स्मरण करून मी पहिला घोट घेतला. आधी संत्र्याची साल नखाने टोचावी तसा वास, मग जिभेवर ओटाच्या पेजेचा गुळगुळीत लेप, आणि हा लेप निर्दोष आहे अशी खात्री पटून आपण बेसावध व्हावे तो घशाच्या दाराशी दबा धरून बसलेला काडेचिराईत. त्या सगळ्यात कुठेतरी आंब्याचा भास झाला. “यात आंबा आहे,” मी म्हणालो. “नाही बाबा, यात आंबा नाहीच,” जावई विजयी मुद्रेने म्हणाला. हॉप्सच्या तेलात मिर्सीन म्हणून जो सुगंधी घटक असतो तोच आंब्यातही असतो, आणि सिट्रासारख्या हॉप्सच्या काही जातींना म्हणूनच फळांचा वास येतो. देवगड तालुक्यात जन्मलेल्या माणसाला, ज्याच्या घरी वैशाखात माळ्यावर पाय ठेवायला जागा नसे, एका वेलीच्या बोंडाने आंब्याच्या बाबतीत फसवले! तोतयेगिरीचे कलम या गुन्ह्यास लागू होईल किंवा कसे, याचा मी कितीतरी वेळ विचार करीत होतो.

“खरा आंबा चौथ्यात आहे,” तो म्हणाला. फळ्यावर त्या चौथ्याच्या नावासमोर ‘अल्फोन्सो’ असे लिहिले होते. कोण्या आल्फोन्सो द आल्बुकर्क नामक पोर्तुगीज सेनानीचे नाव आमच्या हापुसाला चिकटले, त्याने साता समुद्रांचा प्रवास करावा आणि अखेरीस व्हरमाँटच्या एका कोठारात गढूळ होऊन माझ्यापुढे यावे, हा त्याच्या पत्रिकेतला योग असावा. मी तो चाखला. आंबा होता, नाकारण्यात अर्थ नाही. पण ओळखपरेडीस उभ्या केलेल्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थासारखा होता, कोट तोच, नाक तेच, अब्रू तेवढी गेलेली. याचे कारणही जावयाला ठाऊक होते. आंब्याचा रस आंबवणाच्या वेळी घातला की यीस्ट त्यातल्या साखरेची पै न्‌ पै वसुली करून नेते आणि मागे वास ठेवते. साखर नसलेला हापूस! ज्या फळापुढे आमच्या वडिलांनी डॉक्टरांचा सल्ला फेटाळला, त्यातले नेमके पथ्याचे तेवढे इथे शिल्लक ठेवले होते. मी पेला खाली ठेवला आणि त्याला हात लावणार नाही असे जाहीर केले.

त्या सबंध अवधीत कुटुंब लिंबाच्या सरबताचा पेला पुढ्यात घेऊन गप्प होते. परंतु तिच्या प्रश्नांची दिशा मी ओळखायला हवी होती. पहिला प्रश्न तिने विचारला तो, स्वच्छ दिसणारी बिअर स्वच्छ कशी करतात. जावई प्रामाणिक आहे. पुष्कळ जागी यंत्राने गाळतात, पण इंग्लंडात पूर्वापार माशाच्या पोटातल्या फुग्यापासून काढलेला एक सरसासारखा पदार्थ घालून गाळ खाली बसवीत, असे त्याने सांगितले. “शी!” कुटुंब म्हणाले. आमचे घर शाकाहारी आहे. “आणि या गढूळमध्ये?” यात तसे काही घालण्याचे कारणच नाही, असे उत्तर आले. “म्हणजे गढूळ ती सोवळ्यातली.” थोड्या वेळाने, “ओट म्हणजे तेच ना, जे डॉक्टरांनी मला कोलेस्टेरॉलसाठी सांगितलेत?” ते तेच होते. “आणि साखर मुळीच उरत नाही म्हणता?” तिला मधुमेह आहे. एकेक मुद्दा ती अपिलातल्या वकिलासारखी नोंदवून घेत होती, आणि मी मूर्खासारखा खिडकीतून पाने पाहत होतो.

निघण्यापूर्वी मी देयकाची पाठ उलटी केली आणि सेवानिवृत्तीनंतरचा माझा पहिला पंचनामा लिहावयास घेतला. पंच क्रमांक एक जावई, वय ३९. पंच क्रमांक दोन आमचे कुटुंब, वय विचारू नये. ‘पिवळसर रंगाचे, गढूळ, फेसाळ, आंबूस व संत्र्याच्या सालीसारख्या वासाचे, आंबामिश्रित रसायन, चार पेले’ इथपर्यंत लेखणी जुन्या सवयीने सुरळीत चालली. मग प्रत्यक्ष मोजणी करण्यासाठी मी फळीकडे पाहिले. तीन पेले अर्धेमुर्धे उभे होते. चौथा रिकामा होता. त्याच्या काठाला फेसाचा एक पांढरा वेढा राहिला होता, आणि तसाच एक पंच क्रमांक दोन यांच्या वरच्या ओठावर होता.

“नुसती आंब्याची कोय चोखल्यासारखी लागते,” ती पदराने ओठ टिपत म्हणाली. “रायवळ. वास तेवढा हापूसचा. इकडे द्या, कुठे सही करू?”

मी तिच्यापुढे कागद सरकवण्याआधी शेवटची ओळ पुरी केली: ‘उर्वरित मुद्देमाल पंच क्रमांक दोन यांनी जागीच नष्ट केला.’ तिने ती नीट वाचली, ‘उर्वरित’ या शब्दाला हरकत घेतली, आणि सही करण्यापूर्वी तिसरा पेला आपल्याकडे ओढून घेतला.