खुणेकरी बाप

नोएडातल्या उंच सोसायट्यांमध्ये हल्ली एक नव्या जातीचा बाप आढळतो. लिफ्टमध्ये लगेच ओळखू येतो. पोटाशी बाळ बांधलेलं, आणि मोकळ्या हाताच्या मुठीची सारखी उघडझाप. नवख्याला वाटतं, हाताला मुंग्या आल्या असाव्यात. "नाही हो काका, दूध!" तो खुलासा करतो.

मुठीची उघडझाप म्हणजे दूध, दोन्ही हातांची जुळवलेली बोटं एकमेकांवर टेकवली की 'अजून', तळवे फिरवले की 'संपलं'. विद्या अमेरिकेची. लिंडा अ‍ॅक्रेडोलो आणि सुझन गुडविन या मानसशास्त्रज्ञ बायकांचं 'बेबी साइन्स' 1996 सालचं. आपल्या बापाकडे ते मोबाईलवरच्या चिमुकल्या व्हिडिओंतून आलं.

गावाहून आलेल्या आजीनं दुधाची खूण नीट न्याहाळली. "अरे, ही तर धार काढायची खूण! चौदाव्या मजल्यावरच्या पोरानं म्हैस कुठं पाहिलीय?"

"आई, शास्त्र आहे हे."

आजीनं वाद घातला नाही. 'बाप्पाला जय कर', 'टाटा कर', 'नाक कुठंय?' हा आपला अभ्यासक्रम तिनं दुपारच्या दुपारी उरकला. बापाच्या एक्सेलच्या तक्त्यात त्याची नोंद नाही. तिथं तारीख, खूण, शेरा असे रकाने आहेत. बाळानं कान खाजवला, त्यापुढे लिहिलंय: 'आंघोळ? (अस्पष्ट)'.

बाळाचं ठीक चाललंय. बदलला आहे तो बाप. मदर डेअरीच्या बूथवर त्यानं सवयीनं दोनदा मूठ उघडमिट केली, भैयानं निमूट दोन थैल्या पुढे केल्या. नवराबायकोचं भांडणही बाळासमोर मुक्यानंच चालतं. ती तळवे फिरवून आत निघून जाते, हा बोटं टेकवत दारात उभा.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी 40 बाळांवर केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. खुणा शिकलेली मुलं बोलण्यात पुढे गेलेली दिसली नाहीत. त्यांच्या आयांना मात्र बाळाच्या न बोललेल्या गोष्टी जास्त कळू लागल्या होत्या. आपल्या बापानं यातलं पहिलं वाक्य सोडलं आणि दुसरं फ्रिजवर चिकटवलं. पण ते खरंच आहे. पूर्वी हा गृहस्थ मोबाईलमधून मान वर काढत नसे. आता पोराच्या करंगळीवर याची नजर असते.

मौज अशी की यमुनेपलीकडे, ओखल्याला, भारतीय सांकेतिक भाषेची सरकारी संशोधन संस्था 2015 पासून आहे. तिच्या शब्दकोशात 2021 पर्यंत दहा हजार शब्द झाले. ती कर्णबधिरांची पुरी भाषा, व्याकरणासकट. याच्या डझनभर सुट्या खुणा तिच्यापुढे चिल्लर. हे सांगितल्यावर त्याचे डोळे चमकले. "म्हणजे दहा हजार रकाने?" आजीनं माझ्याकडे असं पाहिलं, की त्या खुणेला कोणताच शब्दकोश लागला नसता.

तुम्हाला त्यांच्याकडे जेवायचं आमंत्रण येईलच. वाढताना 'पुरे, पुरे' म्हणून तळवे हलवू नका, तोंडानं सांगा. बाळ हुशार आहे. जेवण संपलं असं समजून ते वाटी भिरकावतं, आणि त्याचा नेम चांगला आहे.