मेट्रोखालून कल्याण

ठाण्याहून कल्याणला जायला लोकल आहे. अर्ध्या तासाच्या आत पोचवते, फक्त आपले पाय आपल्याच ताब्यात राहतील याची हमी नाही. दुसरा मार्ग मेट्रो 5 चा, कापूरबावडीहून भिवंडीमार्गे. तो कागदावर फारच देखणा आहे. 2025 च्या पावसाळ्यात आम्ही त्या मार्गाने निघालो, अर्थात खालून.

कापूरबावडीला भिवंडीची एसटी मिळाली. बाळकुमला खिडकीतून पहिली ओळ दिसली ती पत्र्यावरची: ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’. मग खांब, पत्रे, खड्डा, पुन्हा खांब. शेजारच्या आजोबांना विचारलं, “मेट्रो कधी चालू होणार, काही कल्पना?”

“कुठली, मोनो ना? बघा की, खांब उभे राहिलेत.”

त्यांची चूक म्हणवेना. याच मार्गावर आधी मोनोरेल धावणार होती. नंतर नवरा बदलला, मांडव तोच राहिला. 18 डिसेंबर 2018 ला पंतप्रधानांनी कल्याणला येऊन मेट्रोचं भूमिपूजन केलं. जवळपास पंचवीस किलोमीटरचा मार्ग. कशेळीच्या पुलावर गाडी तुंबली तेव्हा खाली पाणी निवांत वाहत होतं. तिथूनही वसई-ठाणे-कल्याण बोटी जाणार होत्या. पाण्याला तरी खांब लागत नाहीत, पण बोटही दिसली नाही.

धामणकर नाक्याला मेट्रोचा पहिला टप्पा संपतो. कल्याण दुसऱ्या टप्प्यात. म्हणजे ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो तूर्तास कल्याणचं नाव सांगून भिवंडीत उतरवणार! इथून आम्हाला शेअर रिक्षा. मागे तिघे बसलेले.

“पुढे या ना काका, चौथी सीट आहे.”

चौथी सीट म्हणजे ड्रायव्हरच्या सीटची उरलेली चार बोटं. एक मांडी आत, दुसरी महाराष्ट्र शासनाच्या हवाली. वळणावर हँडल फिरलं की त्याचं कोपर आमच्या बरगडीत. राजणोलीला कंटेनरांच्या रांगेत त्याने इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. कोनगाव, दुर्गाडी करत त्याने आम्हाला कल्याणला सोडलं. सरकारी योजनेविना, अनुदानाविना पोचवणारी ही एवढीच व्यवस्था.

रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला 16 एप्रिल 1853 ला आली आणि कल्याणला 1 मे 1854 ला. मध्ये खाडी आणि पारसिकचा डोंगर असून वर्ष आणि पंधरा दिवसांचं अंतर. साहेबाला हरकती-सूचना ऐकायच्या नव्हत्या, हे मान्य. पण ठाणे-दिवा ही जेमतेम नऊ-दहा किलोमीटरची पाचवी-सहावी मार्गिका 2008 ला मंजूर झाली आणि 2022 च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तिथे हरकत नेमकी कोणाची होती?

डोंबिवलीकरांना आता मेट्रो 12 देऊ केली आहे, कल्याण ते तळोजा. सकाळी आठला दादरकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला तळोज्याचा रस्ता दाखवायचा, याला दूरदृष्टी म्हणतात. त्यापेक्षा लोकलच्या चार फेऱ्या वाढवा आणि पालिकेच्या बस वेळेवर सोडा. याचं भूमिपूजन होत नाही, तीच अडचण असावी.

घर शोधत असाल तर एवढं करा. जाहिरातीत ‘प्रस्तावित मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं लिहिलेलं असेल, तर बिल्डरला शेअर रिक्षाचा स्टँड किती लांब आहे ते विचारा.