डझनाचा भाव काय?

लोअर परळमध्ये कुणाला हाताने केलेला दागिना भेट दिला, तर घेणारा दागिना बघायच्या आधी हिशेब करतो. मुंबईत सगळेच करतात, पण आमच्याकडे त्याला परंपरा आहे. ज्या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावली, तिथे "सहज बसल्या बसल्या केलं" हे वाक्य कुणाच्या पचनी पडत नाही. बसल्या बसल्या म्हणजे किती तास? आणि त्याचं मिळालं काय?

मी क्रोशाच्या सुईवर मण्यांचे दागिने करते. कानातली, बांगड्या, चष्म्याच्या माळा, मोबाइल गळ्यात अडकवायच्या दोऱ्या. भाद्रपदात गौरीसाठी एखादा तन्मणीसुद्धा. आणि हे सगळं मी फुकट वाटते. आमच्या घरात यातल्या फक्त शेवटच्या वाक्यावर वाद आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही, त्यांना वाटतं साखळ्या घालायच्या, खांब घालायचे आणि मधे मधे मणी लावत जायचं. तसं नसतं. क्रोशाचा दोरा अखंड चालतो. मण्याला मधेच शिरायला टोक कुठे आहे? म्हणून सगळे मणी आधी दोऱ्यात ओवून घ्यायचे आणि मग टाक्यागणिक एकेक पुढे सरकवायचा. अकरा नंबरच्या मण्यांची, सहाच्या घेराची (म्हणजे एका फेरीत सहा मणी) साधी बांगडी घेतली तरी सहाशेच्या वर मणी लागतात. ते ओवून होईपर्यंत पहिला टाकासुद्धा पडलेला नसतो. त्यात नक्षी असली तर ती उलटी ओवायची, कारण शेवटी ओवलेला मणी पहिल्यांदा विणला जातो. चपटं काम असेल तर आणखी गंमत. मणी टाक्याच्या मागच्या अंगाला बसतो, म्हणजे विणणारीच्या समोर नुसता दोरा आणि सगळी शोभा पलीकडे.

ओवताना एखादा मणी जास्त झाला तर इलाज सोपा आहे. पकडीत धरून तो मणी फोडायचा, दोरा तसाच राहतो. (डोळ्यांवर चष्मा हवा, काच उडते.) कमी पडला तर मात्र दोरा तोडण्याशिवाय गत्यंतर नाही.

"म्हणजे जास्तीचा माणूस काढता येतो, नवीन भरती बंद," आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे माझे सासरे. बदली म्हणून, म्हणजे कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी, गिरणीत लागले आणि साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कायम झाले. त्यांना जगातली कुठलीही गोष्ट समजावून सांगायची असेल तर ती गिरणीच्या दरवाजातूनच आत न्यावी लागते. भुलेश्वरला भोईवाड्यातून मी मणी आणते, तिथे ते वजनावर मिळतात. पुड्या पाहून आप्पांनी विचारलं, "अकरा नंबर मोठा की आठ नंबर?" मी म्हटलं, आठ मोठा, आकडा वाढला की मणी बारीक होतो. माझ्या सुयांचंही तसंच. मला वाटलं आता चक्रावतील. तर ते खूश. "म्हणजे काउंट! एका पौंडात आठशेचाळीस यार्डांच्या जितक्या लडी, तितका सुताचा नंबर. ऐंशीचं सूत चाळीसपेक्षा बारीक. बरोबर आहे तुझं." त्या दिवसापासून माझ्या कामाला घरात खात्याचा दर्जा मिळाला.

दर्जा मिळाला म्हणून तपासणीही आली. पूर्ण झालेली वस्तू आप्पा खिडकीच्या उजेडात धरतात, उलटी करतात, बोटाने ताणतात आणि "डॅमेज" किंवा "पास" एवढंच बोलतात. त्यांच्या वडिलांच्या वेळी बिघडलेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापत असत. माझ्याकडेही डॅमेज माल गळ्यातच मारला जातो, जवळच्या नात्यातल्या बायकांच्या. कापायला पगार नाही, एवढंच.

त्यांना सगळ्यात जास्त धक्का बसला तो मशीनच्या प्रश्नावर. "हे मोठ्या प्रमाणावर कुठल्या मशीनवर काढतात?"

"कुठल्याच नाही, आप्पा."

"जपानी असेल."

जपानीही नाही. स्वेटर विणायचं यंत्र आहे, लेस काढायचं आहे, लांबून क्रोशासारखं दिसेल असं कापड काढणारंही आहे. पण आकडीने फासातून फास ओढत जायचं हे काम अजून कुठल्याही कारखान्याला यंत्रावर चालवता आलेलं नाही. बाजारात खरा क्रोशा दिसला, की कुठेतरी कुणाची तरी मान दुखत असणार हे नक्की. आप्पा बराच वेळ गप्प बसले. ऑटोमॅटिक साचे आले तेव्हा किती जण घरी बसले, हे त्यांनी पाहिलं होतं. मग म्हणाले, "मालकाला मशीन आणता येत नाही, असं काम हातात आहे तुमच्या. आणि तुमची युनियन नाही?"

नाही. आणि नुसती युनियनच नाही असं नव्हे. हे काम आहे हेच कुणी मानत नाही. आंध्रात नरसापूरच्या बायका क्रोशाची लेस करतात. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ती तिथे शिकवली आणि पुढे ती परदेशात जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन बाईंनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, तेही नेमकं आमच्या गिरण्यांच्या संपाच्या वर्षी, १९८२ साली. त्यात आहे ते असं, की माल युरोपात विकला जातोय आणि करणाऱ्या बायका मात्र "घरीच असतात, रिकाम्या वेळात करतात" अशा हिशेबात. रिकामा वेळ! मला तो एकदा कुठेतरी भेटावा अशी फार इच्छा आहे.

कारण दागिना हातात पडल्यावर मला जे वाक्य सर्वांत जास्त ऐकायला मिळतं ते "किती सुंदर!" हे नाही. ते आहे "किती वेळ आहे गं तुला!" यात कौतुक आहे, असूया आहे आणि माझ्या स्वयंपाकघराविषयी एक शंकाही आहे. माझी जाऊ हे वाक्य ओठ किंचित मुडपून म्हणते, तेव्हा ती माझ्या बेसिनमधली भांडी मोजत असते. दुसरं वाक्य "जपून ठेवलंय हं कपाटात" हे. ते ऐकलं की समजावं, ती वस्तू आता माणसाच्या अंगाला लागणार नाही.

आधीच्या पिढीने हा वेळेचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. तेव्हाचं मण्यांचं क्रोशाकाम कानात नव्हतं, ते तांब्यावर आणि दुधाच्या पातेल्यावर होतं. गोल जाळीदार रुमाल, कडेला टपोऱ्या मण्यांची झालर. मणी शोभेचे नव्हतेच, पंख्याच्या वाऱ्याने रुमाल उडू नये म्हणून लावलेलं ते वजन होतं. उपयोग असला की कुणी वेळ विचारत नाही. आणि शोभेसाठीच करायचं तर रुखवत होतं. तिथे मण्यांचे पोपट, मोत्यांच्या महिरपी, सुपारीचे भटजी, काहीही चालायचं, कारण त्यातून मुलीचे कष्टाळू हात व्याह्यांना दाखवायचे असत. आता दादरला तयार रुखवत विकत मिळतं. व्याही कुणाच्या हाताचं कौतुक करतात, देव जाणे.

माझी भाची, म्हणजे नणंदेची मुलगी, इथल्याच एका जुन्या गिरणीच्या आवारात काचेच्या ऑफिसात कामाला आहे. तिचा हिशेब तासाचा. "मामी, तुझा एक तास माझ्या सीटीसीने लावला ना, तर हे कानातलं कुणालाच परवडणार नाही," असं ती प्रेमाने सांगते आणि दोन जोड उचलून नेते. तिनेच एकदा मला फिनिक्स मॉलमध्ये नेलं. १९०५ सालची गिरणी. चिमणी अजून उभी आहे आणि खाली सरकते जिने. एका झगमगीत दुकानात, काचेआड, वरून दिवा सोडलेली एक छोटीशी क्रोशाची मण्यांची बांगडी होती. मी उगाच नाक मुरडणार नाही, काम चांगलं होतं. घेर सहाचा, ओवणी पाच-पाचची, त्यामुळे रंगाची वेल आपोआप तिरकी चढत गेली होती. किमतीचं कार्ड पाहून मात्र भाचीने आधी फोटो काढला आणि मग मला धरलं.

घरी येऊन आकडा सांगितला. आप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आईंनी, माझ्या सासूबाईंनी, मान वर न करता विचारलं, "डझनाचा का?"

आई एकाच वेळी मालिका बघतात, कुकरच्या शिट्ट्या मोजतात आणि माझे मणी ओवून देतात. मालकांनी विणकराला दोनाऐवजी तीन साचे सांभाळायला लावले म्हणून १९२८ साली गिरण्या सहा महिने बंद होत्या, हे आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. शेजारच्या खुर्चीवर तीन साचे चालू आहेत, हे त्यांना दिसलेलं नाही.

आईंची ओवणी पाहण्यासारखी. ताटलीत मणी पसरतात, सुई आडवी फिरवतात आणि ती वर येते तेव्हा तिच्यावर पाच-सहा मणी चढलेले असतात. हा हात छंदाचा नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा संक्रांतीची हळदीकुंकवं अजून व्हायची होती. होळीपर्यंत डबे रिकामे झाले आणि आई एका व्यापाऱ्याकडून खोट्या मोत्यांच्या माळा ओवायला घरी आणू लागल्या. पैसे डझनावर. मोती हरवला तर त्याचे कापून. रात्री सगळं घर झोपल्यावर त्या दिव्याखाली हाताने फरशी चाचपत बसायच्या, असं आप्पा एकदाच बोलले होते. आईंनी मात्र कधी सांगितलेलं नाही. त्या फक्त भाव विचारतात.

या संक्रांतीला मी ठरवलं, वाणात प्लास्टिकचे डबे नकोत. इमारतीतल्या प्रत्येकीला मण्यांची कानातली द्यायची. आईंसमोर ताटली ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली.

"डझनाचा भाव काय?"

"अहो आई, वाण आहे. लुटायचं असतं."

"तू लूट. ओवणारीला का लुटतेस?"

आप्पा तत्काळ कामगारांच्या बाजूने गेले. मागण्यांची यादी गॅसच्या बिलामागे लिहून माझ्या हातात आली: डझनाला दर, ब्याऐंशीपासूनचा महागाई भत्ता, दिवाळीला बोनस, दुपारी तीन ते चार मशीन बंद. "मशीन कुठलंय?" असं मी विचारलं, तर आईंनी उजवा हात पुढे केला. नवऱ्याला मध्यस्थी करायला सांगितलं. त्याला एकाएकी भाजी आणायची आठवण झाली. दोन दिवस ताटली तशीच पडून होती. मी स्वतः ओवायला बसले, पण सुईवर एका वेळी एकच मणी यायचा, तोही कुरकुरत.

शेवटी मी दर मान्य केला, भत्ता निम्मा केला, बोनस पुढच्या दिवाळीच्या बोलीवर ठेवला. "मग संप मिटला ना?" मी विचारलं. आप्पा म्हणाले, गिरण्यांचा संपसुद्धा अजून रीतसर मागे घेतलेला नाही. मागे घ्यायचं काही कारण नसतं, काम चालू करायचं. डझन पुरं झालं की आई ताटलीवर बोट वाजवायच्या, मी पैसे ठेवायची, त्या मोजून कमरेला लावायच्या.

हळदीकुंकवाला बायका जमल्या. कानातली हातात पडली आणि दोघीतिघी एका सुरात म्हणाल्या, "किती वेळ आहे हो तुमच्या घरात!" आईंनी तिळगूळ देता देता त्यांना डझनाचा भाव सांगितला. एकदम शांतता पसरली. निघताना तळमजल्यावरच्या काकूंनी मला दाराआड घेतलं आणि हळूच विचारलं, "बदली भरताय का?"