मनगटाला टेप कशाला?

कर्जत-खालापूरच्या जिमवीरांनी फोरआर्मला टेप लावून घेर जरूर मोजावा; तिथे निदान स्नायू असतात. मनगटात मात्र हाडं, कंडरा आणि कातडी. म्हणजे डंबेल उचलून मिरवायचं काय, तर आईबापांनी फुकट दिलेलं हाड! जाड हाडावर मांस जास्त चढतं, हा आक्षेप मान्य. पण मग थेट पकडच मोजा की. कुस्तीसारख्या पकडीच्या खेळात खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं ते अवघ्या ५७ किलो वजनगटात. आणि कर्जत तालुक्यातल्याच माथेरानच्या लाल चढणीवर हातरिक्षांतून माणसांनी माणसं ओढली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा अमानुष ठरवली. त्या मनगटांचा घेर विचारायला कोणी टेप घेऊन गेलं नाही. गिऱ्हाईक फक्त भाडं विचारायचं, तेही घासाघीस करून.