धबधब्याचे भाऊसाब

जयपुरात मराठी माणूस बहुधा दोन कारणांनी येतो: बदली होऊन, नाहीतर सोनं गाळायला. देशभरच्या सराफ बाजारांत पसरलेल्या विटा-खानापूरकडच्या गलाई मंडळींना डोंगर चढायला सवड नसते. बदलीवाल्यांना असते. बँक, रेल्वे, लेखापरीक्षण अशा खात्यांतून आलेल्या या मंडळींत एकजण हमखास असा निघतो, की ज्याने कॉलेजात असताना हरिश्चंद्रगड केलेला असतो. पहिला उन्हाळा तो मुकाट काढतो. जुलैत नाहरगढावर चार ढग टेकले, की त्याच्या अंगात सह्याद्री येतो. दोन दिवसांत मोबाइलवर ग्रुप उघडतो आणि ऑफिसातले, शेजारचे, जिममधले अशा सगळ्यांना न विचारता त्यात घेतो. जयपूरकर त्याला आधी ‘भाईसाहब’ म्हणतात. मग बायकोच्या माहेरच्या कुणाच्या तोंडून ‘भाऊ’ ऐकतात. दोन्हींचं मिश्रण होऊन त्याचा भाऊसाब होतो. तिथून पुढे त्याच्याविषयी एकेरीत बोलायची सोय राहत नाही.

भाऊसाबांची सूचना शनिवारी रात्री येते. ‘पहाटे ५.३० ला ब्रह्मपुरीत जमणे. उशीर करणाऱ्यास मागे ठेवले जाईल. ग्रिपचे बूट अनिवार्य. जीन्स नको, छत्री नको. चूल पेटवण्यास सक्त मनाई. कोरडा खाऊ आणावा. वर्गणी दीडशे.’ खाली त्याचंच हिंदी, ज्यात ‘सक्त मनाई’ तेवढी बिनचूक असते. अठराव्या शतकात मराठ्यांनी जयपूर दरबाराकडे खंडणीचे किती लाख मागितले आणि दरबाराने किती हप्ते थकवले, यावर इतिहासकारांनी भरपूर लिहिलं आहे. भाऊसाबांची वर्गणी गोळा होताना पाहिली, की दोन्ही बाजूंनी परंपरा नीट सांभाळल्याचं लक्षात येतं.

साडेपाचला ब्रह्मपुरीत फक्त भाऊसाब असतात. पाठीवर सॅक, गळ्यात शिट्टी, खांद्यावर शंभर फुटी दोर. सव्वासातला पहिली गाडी येते आणि तिच्यातून माणसांच्या आधी प्याज कचोरीचा वास उतरतो. मागोमाग बायका येतात, सावन म्हणून लहरिया नेसून. पायांत मोजड्या. भाऊसाब ग्रिपविषयी बोलायला तोंड उघडतात, तेवढ्यात त्यात कुणीतरी घेवर कोंबतं. “अहो, आमचा श्रावण अजून लागला नाही,” ते सांगू पाहतात. इथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला, म्हणून सावन पंधरवडा आधी येतो, हे सगळं ते हिंदीतून समजावतात. निष्कर्ष एवढाच निघतो, की भाऊसाबांना दोन्ही श्रावणांत घेवर चालतो.

वाट बघण्याचा वेळ ते इतिहासात घालवतात. ब्रह्मपुरी ही सवाई जयसिंहाने ब्राह्मणांसाठी वसवलेली वस्ती. त्याच्या दरबारातले जगन्नाथ सम्राट महाराष्ट्रातले. त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली, ‘रेखागणित’ म्हणून. इथवर सगळं खरं आहे. पण भाऊसाब ‘आमचे जगन्नाथपंत’ म्हणतात, ते थेट काकांविषयी बोलल्यासारखं. जंतरमंतरमधलं २७ मीटर उंचीचं सम्राट यंत्र जणू घरच्या गच्चीवर उभं होतं आणि जागा पुरेना म्हणून इकडे हलवलं. मराठ्यांच्या इतिहासाची दुसरी बाजू मात्र ते टाळतात. जयपूरच्या आग्नेयेला तुंगा आहे. तिथे १७८७ च्या जुलैत महादजी शिंद्यांना लढाईनंतर माघार घ्यावी लागली. भाऊसाबांची सहल त्या बाजूला कधीच जात नाही. तिकडे धबधबा नाही, हे अधिकृत कारण.

आधी गढगणेश. पायऱ्या ३६५ असल्याचं सांगतात. भाऊसाब मोठ्याने मोजत चढतात आणि मध्येच कुणीतरी पाणी मागितल्यावर आकडा विसरतात. नव्याने बदलून आलेल्या मराठी घरातल्या एखाद्या आजी सोबत असल्या, तर त्या दम लागलेल्या आवाजात विचारतात, “उजव्या सोंडेचा की डाव्या?” गढगणेशाला सोंडच नाही, बालरूप आहे. आजी क्षणभर गप्प होतात. सोवळ्याओवळ्याचा एक मोठाच प्रश्न इथे मुळापासून निकालात निघालेला असतो.

मग गाड्या नाहरगढकडे. १७३४ च्या या किल्ल्याच्या जवळपास पोचलं, की भाऊसाब पोट आत घेऊन शिवगर्जना देतात. शेवटी ‘हर हर महादेव!’ जयपूरकर त्याला मनापासून उत्तर देतात, “गोविंद देवजी की जय!” कुणालाच काही खटकत नाही. डोंगराच्या मागच्या अंगाला हथनी कुंडाची वाट. दोन्ही बाजूंना धोकाची झाडं, जून महिन्यात काटक्यांची मोळी वाटणारी आणि जुलैत एकदम हिरवी. इथे भाऊसाब खुलतात. “जपके चलो, शेवाळ पे पाँव मत रखो!” असं ओरडतात. शेवाळ कुठेही नसतं. अरवलीचा खडक गारगोटीचा, कोरडा, चपलेला चांगला धरणारा. मोजडीवाल्या बायका गप्पा मारत पुढे निघून जातात आणि ग्रिपचे बूट मागून येतात. ओल्या मातीत एखादा ठसा दिसला, की भाऊसाब हात वर करून रांग थांबवतात. बिबट्या! या डोंगरांत बिबटे खरंच आहेत, शहरातल्या झालान्यात तर ते बघायला जीपगाड्या जातात, त्यामुळे मागे शांतता पसरते. शेळ्या घेऊन चाललेला एक म्हातारा वाकून बघतो. “कुत्तो है,” म्हणतो आणि जातो.

आणि मग धबधबा. आता खरं सांगायचं, तर जयपूरला वर्षाकाठी सुमारे सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरने २०२१ च्या जुलैत जवळपास तेवढा एका दिवसात पाडून दाखवला होता. तेव्हा हथनी कुंडावर दोन दिवसांपूर्वी पाऊस झाला असेल तर धार, चार दिवसांपूर्वी झाला असेल तर थेंब, आणि आठवड्यापूर्वी झाला असेल तर भाऊसाबांचं भाषण. विषय एकच. “हमारे यहाँ तो...” असं सुरू होऊन ते देवकुंड, ठोसेघर, आंबोली करत जातात. प्रत्येक वर्षी तिकडचं पाणी आणखी फूटभर उंचावरून पडायला लागतं. समोर जयपूरकर त्या मनगटाएवढ्या धारेखाली आळीपाळीने डोकं घालून किंचाळत असतात, पोरं कुंडात उड्या टाकतात, एक आजोबा बाटलीत पाणी भरून घेतात. भाऊसाब काठावर कोरडे उभे. शंभर फुटी दोर खांद्यावरून उतरलेला नाही. दर दहा मिनिटांनी शिट्टी. माकडांनी एव्हाना सॅकमधल्या दशम्या नेलेल्या असतात. चटणी तेवढी ठेवलेली असते.

दोराचा उपयोग शेवटी होतो. अभयारण्यात चूल मांडता येत नाही, म्हणून जयपूरकरांनी खाली एका मंदिराच्या आवारात आधीच हलवाई बसवलेला असतो. त्यांच्या लेखी ही ट्रेक नव्हेच, गोठ आहे: पावसाळ्यात चार घरांनी मिळून रानात जायचं आणि दाल-बाटी-चुरमा खायचा. धबधबा हा भूक लागण्यासाठी. गोवऱ्यांच्या राखेत बाट्या भाजत असतात आणि वर ताडपत्री बांधायला हलवायाला दोर हवा असतो. भाऊसाब तो काढून देतात, गाठ मात्र स्वतः मारतात, गिर्यारोहणातली. ताडपत्री दोनदा पडते. मग हलवाई साधी गाठ मारतो.

या सगळ्यात भाऊसाब खरे कोण, हे कळायला पुण्याहून मेहुणा यावा लागतो. एका ऑगस्टात तो आला. महिन्यात दोन किल्ले करणारा, गुडघ्यांना पट्टे, मनगटाला उंची मोजणारं घड्याळ. हथनी कुंडापाशी पोचून त्याने धारेकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग भाऊसाबांकडे.

“भावजी, हा धबधबा? आमच्या सोसायटीची टाकी भरून वाहिली तरी याहून जास्त पाणी येतं.”

गेली काही वर्षं भाऊसाब हेच तर बोलत आले होते. पण चेहरा लाल झाला.

“डोंगराचं वय ठाऊक आहे का?” ते म्हणाले. “तुमचा सह्याद्री लाव्हाचा. साडेसहा कोटी वर्षं, म्हणजे कालचं पोर. ही अरवली शंभर कोटींच्या पलीकडची. तिच्याकडून पाणी काढायला अक्कल लागते. जयगढावर जा, कालवे काढून डोंगराचं पाणी टाक्यांत घेतलंय, थेंब वाया नाही. आणि खाली रामगढचं धरण. १९८२ च्या एशियाडला तिथे होड्यांच्या शर्यती झाल्या होत्या, पुढे आटलं. हे बाटलीवाले आजोबा येडे म्हणून भरून घेत नाहीत!”

‘तुमचा सह्याद्री’ म्हणाले. आम्ही मराठी मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. मग भाऊसाबांनी बूट काढले, ग्रिपचे, आणि घड्याळवाल्या मेहुण्याला दंडाला धरून धारेखाली उभं केलं. जयपूरकरांनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्याने खाली आल्यावर बाट्या किती खाल्ल्या, ते त्याच्या बहिणीने सांगू नये म्हणून विनंती केली आहे. तुपाचं भांडं दुसरं उघडलं एवढं सांगतो. परतीच्या वाटेवर तो गाडीत झोपला होता आणि उंची मोजणारं घड्याळ बंद पडलं होतं.

पुढच्या शनिवारी सूचना आली. ‘उद्या आमेरमागचे भूतेश्वर महादेव. सकाळी ७.३० च्या सुमारास निघू. पादत्राणे ज्याची त्याची. वर्गणी दोनशे, तुपामुळे. पाणी नसल्यास दाल-बाटी होईल. असल्यासही होईल.’